फुगलेला कॅन आणि वहिनींचा घाटा

पेट्रोलचा फुगलेला कॅन मी पेटत्या चुलीच्या अंगणात उघडला. सकाळची वेळ, चैत्राचं ऊन, अंगणात गल्लीतल्या निम्म्या बायका आणि मी लुंगीवर. एवढ्यावर शहाणा वाचक पुढचं ओळखेल. पण तिथपर्यंत पोचायला मी किती डोकं चालवलं होतं, हे त्याला ओळखता यायचं नाही, म्हणून सांगतो.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याकडचं. माझी सासरवाडी निझरकडची. नदी ओलांडून थोडं खाली गेलं की गुजरात लागतो, आणि गुजरातेत पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त. त्यामुळे आमच्याकडचा जावई सासरवाडीला वारंवार का जातो, यात सासूच्या मायेचा वाटा किती आणि गाडीच्या टाकीचा किती, हे त्याची बायकोच सांगू शकते. माझ्या बायकोने ते सांगितलेलंही आहे, चारचौघांत.

पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत. मी नियम मोडणारा माणूस नाही. मी टाकी फुल करून यायचो आणि घरी आल्यावर सलाईनच्या नळीने ते कॅनमध्ये उतरवायचो. नळीला तोंड लावून ओढावं लागतं, तेव्हा पहिला घोट दर वेळी माझ्या पोटात. त्या दिवशी मला जी ढेकर यायची, तिच्या आसपास घरात कोणी उदबत्ती लावत नसे.

हे वेड लागलं टँकरवाल्यांच्या संपाच्या अफवेपासून. अफवा आली त्या दुपारी सगळा तालुका पंपावर. मी रांगेच्या शेपटाला. माझा नंबर आला आणि पंपवाल्याने नळी खुंटीला अडकवली. गाडी ढकलत गावात शिरलो तर पारावरून आवाज आला, "काय भाऊ, गाडीले फिराले लई जाई ऱ्हायनात का?" संप झालाच नाही, दुसऱ्या दिवशी पेट्रोल मुबलक आलं, पण पारावरचं ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. यापुढे आपल्या घरात पेट्रोल संपणार नाही, असा मी पण केला. माणसं दारू सोडण्याचा पण करतात आणि मोडतात. मी असले पण पाळतो.

कॅन कुठले? शेंगदाणा तेलाचे, प्लास्टिकचे, रिकामे झालेले. मी ते साबणाने धुतले, म्हणजे आपण काळजी घेतली असं मला वाटलं. प्रत्येक कॅन गळ्यापर्यंत भरला, कारण अर्धा रिकामा कॅन ठेवणं माझ्या स्वभावात नाही. झाकणावर प्लास्टिकची पिशवी आणि रबर. आणि सगळे नेऊन ठेवले अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत, जिचं दार अंगणात उघडतं आणि जिच्यात एप्रिलच्या दुपारी हात लावलेला विळासुद्धा चटका देतो.

बायकोने विरोध केला. तिचं मूळ अहिराणी वाक्य छापण्याजोगं नाही. त्याचं सौम्य मराठी असं, की लोक घरात गहू साठवतात आणि तुम्ही वणवा साठवताय. मी तिला समजावलं. मी साखर कारखान्यात कारकून आहे. आमच्याच उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं, तेच पेट्रोलमध्ये मिसळतात, तेव्हा पेट्रोल म्हणजे एका अर्थाने आपलं घरचंच पीक, असं मी म्हणालो. जे घरचं ते टिकतं, असाही एक सिद्धांत मांडला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि असं पेट्रोल उलट लवकर बिघडतं, हे मला माहीत नव्हतं. ज्या कारखान्यात ते तयार होतं तिथे मी हजेरीपत्रक सांभाळतो.

आता वहिनींकडे येतो. माझ्या थोरल्या भावाची बायको. आमची दोन घरं, अंगण एक, आणि त्या अंगणावर राज्य वहिनींचं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, दोंडाईचाकडे दिली. आमच्यात लेक सासरी गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात माहेराहून बिबड्यांचा वानोळा जातो. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड, पण पापड म्हणून तिला हिणवू नये. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, कांडायची, दळायची, मग भल्या सकाळी मोठ्या पातेल्यात जिरं, तीळ, लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा. हा घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापायचा आणि कापडासकट उलटा करून खाटेवर सोडवायचा. एकट्या बाईचं हे काम नाही. गल्लीतल्या बायकांचे नंबर असतात: आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या.

आणि यंदाच्या वानोळ्याला एक धार होती. वहिनींच्या विहीणबाई स्वतः बिबड्यांसाठी त्यांच्या भागात नावाजलेल्या. कागदासारखी पातळ बिबडी करतात, असं ऐकून होतो. त्या दोनच दिवसांनी स्वतः येऊन वानोळा नेणार होत्या. मुलगी सासरी नवी, सासू बिबडी उन्हाकडे धरून बघणार आणि आईच्या हातावरून लेकीची किंमत करणार. वहिनी हे बोलून दाखवत नव्हत्या, पण त्या आठवड्यात त्यांनी ज्वारी निवडताना चष्मा लावला होता. एरवी तो त्या फक्त बँकेत लावतात.

तर त्या सकाळी अंगणाच्या मधोमध तीन दगडांची चूल, तिच्यावर पातेलं, पातेल्यात रटरटणारा घाटा, आणि भोवती बायका. वहिनी लांब लाकडी दांड्याने घाटा हलवत होत्या. दादाला पपईवर फवारणी करायची होती, पंप पेट्रोलवर चालणारा. तो म्हणाला, "पेट्रोल आणाले जास मी."

"कसाले?" मी म्हणालो. या क्षणासाठी तर मी दिवाळीपासून जगत होतो.

मी खोलीत गेलो. सगळ्यात जुना कॅन बघितला तर तो गरोदर दिसत होता. चारी बाजू टरारून फुगलेल्या, बूड गोल झालेलं, जमिनीवर डुलत होता. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, पेट्रोल वाढलं. खरंच सांगतो. उन्हाळ्यात वाफ होऊन कमी झालं असेल अशी धास्ती होती, आणि इथे तर कॅन तुडुंब. मनातल्या मनात मी पारावरच्या मंडळींना दोन शब्द सुनावलेसुद्धा. कॅन पोटाशी धरून बाहेर आणला, अंगणात ठेवला, रबर काढलं आणि झाकण पिळलं.

आधी फुस्स असा आवाज झाला, जत्रेतला मोठा फुगा सुटल्यासारखा. मग पेट्रोल कारंज्यासारखं वर आलं आणि माझ्या लुंगीवर, पायांवर, अंगणात. कॅन कलंडला. आमचं अंगण सिमेंटचं आहे, मीच उभं राहून करून घेतलं होतं, पावसाचं पाणी गटारीकडे जावं म्हणून चांगला उतार देऊन. तो उतार चुलीच्या बाजूने जातो. पेट्रोल त्या उताराने चमकत निघालं.

मी काय केलं? मी झाकण शोधत होतो.

वहिनींनी मान वर केली. नाक फुगवलं. एकदा माझ्याकडे, एकदा जमिनीकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. हातातला दांडा त्यांनी पातेल्याच्या काठाखाली घातला, दोन्ही हातांनी रेटला, आणि अख्खं पातेलं चुलीत उलटं केलं. वर्षाचा घाटा, निवडलेली ज्वारी, चष्म्याने वेचलेली, सगळा एका लोंढ्यात जळत्या लाकडांवर. चर्र झालं, पांढरी वाफ उठली. "कापडं टाका!" एवढंच त्या म्हणाल्या. बिबड्या थापायला ओली करून ठेवलेली धोतरं बायकांनी चुलीवर फेकली, थरावर थर. कोणी रांजणाकडे धावली, कोणी पोरीबाळींना दाराबाहेर काढलं. पेट्रोलची धार चुलीच्या दगडांशी आली तेव्हा तिथे पेटवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती मुकाट्याने दगडाला वळसा घालून गटारीत गेली.

हे सगळं घडायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा जास्त वेळ मला हे लिहायला लागला आहे. मी अनेकदा विचार केला, त्या जागी मी असतो तर? मी आधी घाट्याचं पातेलं बाजूला सुखरूप उतरवायला बघितलं असतं. बहुतेक माणसांनी तेच केलं असतं. हातातली मोलाची वस्तू आधी वाचवायची, हा आपला स्वभाव. वहिनींना ती वस्तूच विझवायचं साधन दिसली. पुढे कधी तरी मी विचारलं, पाणी का नाही घेतलं? तर म्हणाल्या, "पानी व्हतं रांजनमा. घाटा व्हता हातमा." एवढ्या वाक्यात माणूस एक आयुष्य काढू शकतो.

पण त्या वेळी त्या वेगळंच बोलल्या. "भाऊ, हालू नका. तठेच उभा ऱ्हा. कोनी काडी लावानी नही." मग माझ्याकडे बघून, "पयले ती लुंगी सोडा."

मी अंगणभर बायकांकडे बघितलं. लुंगी पेट्रोलने पायाला चिकटली होती, पोटऱ्या चुरचुरत होत्या, तरी माझी अब्रू शाबूत होती आणि ती मला हवी होती.

"सोडा म्हंतस ना!" वहिनी गरजल्या. "बायासहोन, तोंडं तिकडे फिरावा!"

सगळ्यांनी पाठ फिरवली. समोरच्या घरच्या म्हाताऱ्या काकू सगळ्यात शेवटी वळल्या आणि वळता वळता म्हणाल्या, "फिराई लिधं व माय. आठे दखासारखं शे तरी काय!"

अंगण हसलं. त्या हसण्यात मी न्हाणीघरात पळालो आणि साबण लावून पाय धूत बसलो. बाहेर हसू थांबलं तेव्हा मला कळलं की आता सगळ्यांचं लक्ष चुलीकडे गेलं असणार.

बाहेर आलो तेव्हा वहिनी पायरीवर बसल्या होत्या. राखेत, लाकडांत, धोतरांच्या घडीत मिसळलेला घाटा थंड होत होता. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या एकच म्हणाल्या, की परवा विहीणबाई येतील, आणि आता ज्वारी भिजत घातली तरी परवापर्यंत काही होत नाही.

तेव्हा त्याच काकू पदर खोचत पुढे आल्या. "मन्ही ज्वारी भिजीसन, दळीसन तयार शे. उद्या मन्हा नंबर व्हता ना? मी मांगे सरकस, तू पुढे व्हय."

"नको काकू," वहिनी म्हणाल्या. "तुम्हना नातू येनार शेतस सुट्टीले, तेस्नासाठे—"

"नातू काय, घाटा नही मियना ते गूळ-शेंगदाना खातीन. तुन्ही ईहीन ती आम्हनीबी ईहीन. तिनासमोर गल्लीनी मान खाले जावाले नको."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून, त्याच पदराने नाक पुसलं. बायकांनी तिथल्या तिथे ठराव केला: उद्या ह्याच अंगणात बिबड्या, ज्वारी काकूंची, आणि घाटा हलवायला मी.

उरलेल्या कॅनचं काय, हा प्रश्न दुपारी उभा राहिला. गावात जुन्या पेट्रोलवर मत नसलेला माणूस नाही. एक म्हणाला, ताज्यात अर्धं मिसळ, इंजिनाला काय कळतंय. दुसरा म्हणाला, धोतरातून गाळून घे. आमच्याकडची धोतरं तर सकाळीच कामी आली होती. तिसऱ्याने वाळवीवर ओतायचा सल्ला दिला. मी डिस्टिलरीतल्या मित्राला फोन लावला, जो ह्याच गोष्टी शिकून आलाय.

"कॅन कशाचा?"

"शेंगदाणा तेलाचा."

"फुगलाय?"

"फुगला होता."

"होता म्हणजे? उघडलास? कुठे?"

"अंगणात," मी म्हणालो. चुलीचा उल्लेख मी टाळला, मैत्री टिकावी म्हणून.

मग त्याने मला जे झापलं त्याचा सारांश असा. पेट्रोल घरात साठवायचं नसतंच. फवारणीपुरतं थोडं ठेवायचं झालं तर पेट्रोलसाठीच केलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर मोकळी जागा ठेवून, घराबाहेर सावलीत, चूल आणि ठिणगीपासून लांब, आणि लवकर वापरून टाकायचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबची ठिणगी गाठते. जुनं झालं म्हणून ते मवाळ होत नाही. इंजिन चालवायला ते नालायक होतं, जाळायला नाही. हे शेवटचं वाक्य ऐकताना मला कारखान्यातले एक-दोन जुने कर्मचारी आठवले, पण ते असो.

त्याच्या सांगण्यावरून मी मोकळ्यावर, चूल नसलेल्या परसात, काचेच्या बरणीत थोडं जुनं आणि शेजारी थोडं ताजं पेट्रोल बघितलं. ताजं पिवळसर, निवळ. माझं तपकिरी, शहाद्याच्या स्टँडवरच्या चहासारखं, बुडाशी पाण्याचा वेगळा थर, आणि वास जुन्या रंगाच्या डब्याचा. हे मी दादाच्या फवारणी पंपात घालणार होतो. कार्बोरेटरमध्ये चिकट साय धरून पंप पपईच्या मधोमध बंद पडला असता आणि दादा वर्षभर माझ्याशी बोलला नसता. उतरलेलं ऊन बघून ते कॅन ट्रॉलीत उभे बांधून मित्राने सांगितलेल्या ठिकाणी पोचवले. वाटेत दादाने विडीच्या बंडलाकडे एकदाच हात नेला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने हात खिशातून रिकामा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी. घाटा हलवणं म्हणजे काय, हे ज्याने हलवला नाही त्याला सांगता येत नाही. सुरुवातीला ते पाणी असतं आणि माणूस फुशारतो. मग ते घट्ट होतं आणि दांडा धरून ठेवतं, एखाद्या हट्टी म्हशीसारखं. वर बुडबुडा फुटला की मनगटावर चटका. हात थांबवायचा नाही.

"भाऊ, हात चालू द्या, तोंड नही," मागून कोणी तरी.

"कारखानामा असंच चालस का?" दुसरी.

माझी बायको त्यांच्यात बसून बिबड्या थापत होती आणि सगळ्यात मोठ्याने हसत होती. पण मी त्यांच्याकडे बघत होतो. ओल्या कापडावर गोळा पडायचा, बोटं पाण्यात बुडून यायची, आणि गोळा बघता बघता चंद्राएवढा गोल, खालच्या कापडाचा धागा दिसेल इतका पातळ. कोणी कोणाला सांगत नव्हतं, पाणी दे, कापड धर. कालची चूल विझवणारे हात हेच, आणि काल जेवढी घाई होती तेवढाच आज निवांतपणा. मला वाटतं, ज्या बायका रोज अशा एकमेकींच्या हाताला हात लावून काम करतात, त्यांना संकटात वेगळं काही शिकावं लागत नाही. आमच्यासारख्यांना अग्निशमनाच्या प्रात्यक्षिकाला बसवावं लागतं. मी बसलो होतो एकदा. चहा चांगला होता.

ऊन असं कडक पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बिबड्या खडखडीत वाळल्या. विहीणबाई आल्या. उंच, सडपातळ, बोलणं कमी. पाणी प्यायल्या, लेकीची खुशाली सांगितली, आणि मग त्यांनी डब्यातली एक बिबडी उचलून उन्हाकडे धरली. काकूंसकट गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्ताने अंगणात उभ्या होत्या. विहीणबाईंनी बिबडी फिरवून बघितली. कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"मन्ह्यापेक्षा पातय शेतस," त्या म्हणाल्या.

वहिनी नुसत्या हसल्या. पण काकूंनी डोक्यावरचा पदर असा काही सारखा केला, जणू पुरस्कार त्यांनाच मिळाला होता. एक प्रकारे मिळालाच होता. मग कोणाला तरी राहवलं नाही आणि परवाची सगळी हकिगत विहीणबाईंना सांगून झाली. पातेलं, धोतरं, लुंगीसकट. विहीणबाई न हसता ऐकत होत्या. शेवटी त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला आणि दोनदा थोपटला. लेकीचं तिकडे कसं चाललं असेल ही काळजी मला तरी त्या क्षणी संपल्यासारखी वाटली.

एवढं सगळं जुळून आलेलं बघून मला भरून आलं. आपणही घरच्यांसाठी काही करावं असं वाटलं. विहीणबाईंनी डबा उचलला तशी मी खिशातून किल्ली काढली आणि म्हणालो, "एवढ्या उन्हात कशाला थांबता गाडीची वाट बघत? मी सोडतो ना शहाद्याला, स्टँडपर्यंत. मोटरसायकल दारातच आहे. डबा पुढे टाकीवर ठेवू."

विहीणबाईंनी डबा उजव्या काखेतून डाव्या काखेत घेतला, माझ्यापासून लांबच्या.

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "बिबड्या भाजानं काम आम्ही घर जाइसनच करसूत."